डोळ्याकडे जाणारी नळी

नसरीनचा फोन आला तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या मुलांना एकमेकांच्या गालात डोकावायला लावलं होतं. शरीररचनेच्या वर्गातला हा एक खेळच आहे. एकानं जिभेवर चिंच ठेवायची, दुसऱ्यानं चमच्याच्या दांडीनं त्याचा गाल बाजूला ओढायचा आणि टॉर्च मारून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर बघत राहायचं. तिथं मोहरीएवढा उंचवटा असतो. बघता बघता त्याच्यावर पाण्याचा थेंब उगवतो... कानाजवळच्या लाळग्रंथीची नळी तिथं उघडते. पुस्तकातल्या चार पानांनी जे कळत नाही ते चिंचेच्या एका बुटुकानं कळतं. हा खेळ आमच्या प्रयोगशाळेतल्या मुनीरभाईंचा. चिंचही त्यांच्याच दारातल्या झाडाची, राजूरची, बिया काढून मीठ लावलेली. त्या दिवशी बरणीच्या तळाशी तीच थोडी उरली होती. फोनवर नसरीन, मुनीरभाईंची मुलगी, एवढंच म्हणाली, "ताई, अब्बा गेले. सकाळी साडेनऊला." मी तिला काय बोलले ते आता आठवत नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, आला, थेंब आला!" आणि सगळी मुलं हसली.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. चाळिसावाही झाला. गेले त्या संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर विभागप्रमुख म्हणून मीच दोन ओळी टाकल्या होत्या. 'प्रामाणिक, मनमिळाऊ आणि आपल्या कामात निष्णात कर्मचारी गमावला' वगैरे. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. वाचून माझी मलाच शरम वाटली. कारण कचेरीत मुनीरभाईंची जी फाइल आहे तिच्यात एक कागद आहे, आणि त्याच्यावर 'कामात अक्षम्य निष्काळजीपणा' असं लिहिलेलं आहे. तो कागद तिथं कसा गेला हे जगात दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक गेलं. दुसरी मी.

आमचं घर जालन्यातलं जुनं मारवाडी जैन घर. पणजोबा राजस्थानातून आले, बियाण्यांचं दुकान टाकलं, ते अजून चालू आहे. घरात दिवेलागणीच्या आत जेवणं उरकतात. चातुर्मासात पालेभाजी उंबऱ्याच्या आत येत नाही, न जाणो पानामागे एखादी अळी असेल. अशा घरातली मुलगी शरीररचनाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला गेली, आणि सरांनी तिला प्रबंधाला विषय दिला तो माणूस आणि प्रयोगशाळेतला उंदीर यांच्या लाळग्रंथींची तुलना! विषय चांगला होता, खोटं कशाला बोलू. तोंड कोरडं पडण्यावरची औषधं आधी उंदरावर बघतात, कर्करोगाच्या किरणांनी लाळग्रंथी किती जळते तेही उंदरावरच बघतात, आणि मग ते माणसाला लावतात. पण उंदराची ग्रंथी आणि माणसाची ग्रंथी कुठं सारखी आणि कुठं वेगळी, हे आधी नीट ठाऊक हवं ना? माणसाचा भाग सोपा होता, देहदानातून आलेले देह होते. उंदराचं मात्र मी घरी सांगितलंच नाही. 'सूक्ष्मदर्शकाचं काम आहे' एवढंच सांगितलं. बाबूजींनी आधीच बजावलं होतं, "तीन वर्षं. चौथं वर्ष नाही." चौथ्या वर्षासाठी परभणीचं एक स्थळ त्यांनी बघूनच ठेवलं होतं.

पहिल्या उंदराच्या दिवशी मी हातमोजे घालून उभी राहिले, पण पिंजरा काही उघडला नाही. पिंजऱ्यातून तो पांढरा जीव माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे गुलाबी असतात, आरपार दिसतील असे. मुनीरभाई तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे असतील. सडपातळ बांधा, पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पिंजरा उचलला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या हातानं नको. तुमच्याकडं हे चालत न्हाई. आमच्या घरचं कामच हाय ते." त्यांचे वडील राजूरकडच्या गावांतले मुलाणी. कंदुरीला, लग्नाकार्याला बकरं कापायला त्यांना बोलावणं असायचं. मुनीरभाई दहा-बारा वर्षांचे असल्यापासून बापाबरोबर फिरलेले. कुठली शीर कुठून कुठं जाते हे त्यांना शाळेत शिकवायच्या आधी कळलं होतं. बापानं एक नियम घालून दिला होता, जनावराला सुरी दाखवायची नाही. मुनीरभाई उंदरालाही सुई दाखवत नसत. हाताच्या आडोशानं गुंगीचं औषध द्यायचे, मोठ्या मात्रेत, आणि हालचाल थांबेपर्यंत त्याच्या पाठीवर दोन बोटं ठेवून उभे राहायचे.

मग आमची एक रीतच पडून गेली. ते पलीकडच्या खोलीत सगळं उरकायचे, गळ्याची कातडी सोडवायचे, आणि उंदराच्या तोंडावर नाकापासून डोळ्यांच्या जरा मागपर्यंत ओल्या जाळीदार कापडाची घडी ठेवून ट्रे माझ्यापुढं आणायचे. मला डोळे बघवत नाहीत हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यासाठी त्यांनी त्या कापडाचे सारखे चौकोन कापून, चार पदरी घड्या घालून, पत्र्याच्या एका बिस्किटांच्या डब्यात रचून ठेवले होते. डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'ताईंचे कपडे'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोट धरधरून हसले होते. जनावरापासून सुरी लपवणारा आणि माझ्यापासून जनावर लपवणारा तो माणूस होता... त्यानं आपल्या जिवावर केवढं ओढून घेतलंय हे मला तेव्हा जाणवलंच नाही. आपली सोय होते तेव्हा माणसाला दुसरं काही जाणवत नसतं.

ते दिवस खरंच सुखाचे होते. साडेपाच झाले की ते हाक मारायचे, "ताई, सूर्य चाल्ला. डबा खाऊन घ्या." रमजानात मी त्यांच्यासमोर चहा प्यायची बंद झाले तर रागावायचे, "माझ्यापायी तुम्ही कशाला उपाशी मरून राह्यल्या?" एकदा मुलांचा तो चिंचेचा वर्ग नेमका रमजानात आला. मुनीरभाई सरांना अगदी गंभीरपणे म्हणाले, "साहेब, ईद होऊ द्या. दिवसभर थुंकीचंच काम करून राह्यलो, त्यात समोर चिंच... बिलकुल न्हाई जमायचं." चतुर्थीला राजूरला गणपतीची गर्दी उसळली की त्यांची हमखास रजा, कारण देवळाच्या रस्त्यावर त्यांच्या भावाचं बांगड्यांचं दुकान, आणि त्या दिवशी दोन हात जास्तीचे लागायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पेढ्याचा पुडा असायचा. बांगड्या भरता भरता बायकांच्या मनगटाची हाडं ओळखू येतात असं सांगून त्यांनी एकदा माझ्या मैत्रिणीचा हात बघून तिचं लहानपणीचं जुनं मोडलेलं हाड सांगितलं होतं.

आता ती चूक सांगते. माणसाच्या कानासमोर हात लावला, तर तिथं कानाजवळची लाळग्रंथी असते. गालगुंड झालं की सुजते तीच. घट्ट, मोठी, जागेवर बसलेली. उंदराची तशी नसते. ती पातळ, विस्कटलेली, कानामागून गळ्याखाली मानेपर्यंत पसरलेली असते. चरबी समजून बाजूला सारावी अशी. गळ्याच्या मधोमध दिसतात त्या जबड्याखालच्या दोन मोठ्या ग्रंथी, लहान बाळाच्या लाळेऱ्यासारख्या, आणि जिभेखालची त्यांनाच चिकटलेली. आणि उंदराच्या कानासमोर, जिथं माणसाची लाळग्रंथी असते बरोबर तिथं, एक घट्ट, नीटनेटकी गाठ असते. माणसाचं शरीर शिकून आलेल्या माणसाचा हात आपोआप तिच्याकडे जातो. माझाही गेला. ती लाळेची नसते. ती अश्रूंची असते. उंदराच्या डोळ्यातलं पाणी एवढ्या लांबून येतं. तिची नळी चेहऱ्यावरून वर चढत जाऊन डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पोचते. कुणीही ती नळी शेवटपर्यंत बघितली असती तर त्याला कळलं असतं. पण माझ्या ट्रेमधली नळी जिथून वर वळायची तिथून पुढं तर कापडाची घडी होती.

मुनीरभाईंना कळलं होतं. तिसराच उंदीर होता. माझ्या खांद्यामागून ते म्हणाले, "ताई, जरा थांबा. ही नळी गालात न्हाई चाल्ली. वर चाल्ली."

"कुठं वर?"

"डोळ्याकडं. कपडा काढून दाखवू का?"

मला मिरच्या झोंबल्या. मी एम.बी.बी.एस. झालेली, आणि हे मला कानाजवळची ग्रंथी दाखवणार! मी मान न वळवता म्हणाले, "मुनीरभाई, ही ग्रंथी कुठं असते ते मला शिकवू नका. आणि तो कपडा काढू नका." ते "बराबर हाय, ताई," म्हणाले, आणि पुढच्या पंधरा उंदरांत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. अठरा उंदीर झाले. अठरा बाटल्यांवर मी माझ्या हातानं 'कानाजवळची लाळग्रंथी' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या.

पुढचं तर हात दाखवून अवलक्षण. काचपट्ट्या तयार झाल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला एक गोष्ट दिसेना. लाळग्रंथीत आडव्यातिडव्या बारीक रेघा असलेल्या नलिका असतात, माणसाच्या ग्रंथीत त्या लखलखीत दिसत होत्या, उंदराच्यात एकही नाही. पुस्तकात त्या उंदरातही असल्याचं लिहिलं होतं. शहाण्या माणसानं इथं थांबून डोकं धरलं असतं. मी म्हटलं, पुस्तकवाल्यांचे उंदीर वेगळे असतील. तुलनेच्या प्रबंधात एवढा मोठा फरक सापडला या आनंदात मी हवेत होते. सरांनी सही केली. त्यांना वाचायला वेळ नव्हता, आणि मला तो असावा असं वाटतही नव्हतं.

प्रबंध देण्याआधी बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंसमोर काम दाखवायचं होतं. पडद्यावर माझी काचपट्टी दिसत होती. बाजूला मुनीरभाई सूक्ष्मदर्शक सांभाळत होते. बाईंनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "रेघांच्या नलिका कुठं आहेत?" मी अभिमानानं सांगितलं की उंदरात त्या नसतात, हेच माझं निरीक्षण आहे. बाईंनी चष्मा काढला. "अहो, उंदराच्या लाळग्रंथीत त्या असतात. अश्रुग्रंथीत नसतात. तुम्ही अश्रुग्रंथी दाखवताय." सरांचा चेहरा लाल झाला, कारण खाली सही त्यांची होती. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा तुकडा काढला कोणी?" मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. लाळेवर दोन वर्षं काम केलेल्या बाईच्या तोंडाला त्या क्षणी कोरड पडली होती. डोळ्यांपुढं बाबूजी दिसत होते, परभणी दिसत होती, आणि पुन्हा पहिल्यापासून अठरा पिंजरे. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "साहेब, गल्ती माझी हाय. बाटल्या बदलल्या माझ्याकडून. आंसूवाल्या गाठीच्या बाटल्या बाजूला ठेवल्त्या, त्या लाळवाल्याच्या जागी गेल्या, न् लाळवाल्या फेकल्या गेल्या. ताईंचं काम बराबर हाय. समदे गळे बरणीत तसेच हायेत, दुसऱ्या बाजूची लाळवाली गाठ त्यातून निघल. एक बी उंदीर नवा लागायचा न्हाई."

आसवांच्या गाठीच्या वेगळ्या बाटल्या कधी नव्हत्याच. मी कधी काढायलाच सांगितल्या नव्हत्या. पण ते इतकं सहज बोलले की मलाही क्षणभर खरं वाटलं. बाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, पुन्हा तपासून घ्या. सर मुनीरभाईंवर जे बरसले ते मी इथं लिहीत नाही. मी मूग गिळून उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. ते ट्रे धूत होते. मी म्हणाले, "मी सरांना खरं सांगते." ते धूतच राहिले. "मंग काय हुईल?" मी म्हणाले, काम रद्द होईल. "म्हंजे अठरा जीव फुकट गेले. न् अजून अठरा जातील." मग नळ बंद करून म्हणाले, "न् तुमचे बाबूजी?" मी धुतलेला ट्रे पुसायला घेतला. "ऱ्हाऊ द्या, ताई. मला काय करतेत, कागदच देतेत ना." मग त्यांनी बरणीतून तिसऱ्या नंबरचा उंदीर काढला, गळा आणि मुंडकं एकत्र होतं. ट्रेमध्ये ठेवला आणि पहिल्यांदाच, मला न विचारता, त्याच्या तोंडावरचा कपडा काढला. डोळे पांढुरके झाले होते. मुनीरभाईंनी ब्रशचा एक केस उपटून त्या नळीत घातला आणि हलकेच पुढं सरकवला. केस चेहऱ्यावरून वर गेला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचं टोक निघालं. "आता बघा," ते म्हणाले. मी बघितलं. त्यांच्या आवाजात ना राग होता ना टोमणा, आणि म्हणूनच मला रडू आलं. पुष्कळ दिवसांनी मला समजलं की काम झाल्यावर गळे जपून ठेवायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. इतरांचे त्याच दिवशी टाकून दिले जायचे. माझेच तेवढे त्यांनी ठेवले होते, तिसऱ्या उंदरापासून, त्याच दिवशीच्या आधीच्या दोघांसकट.

त्या अठरा गळ्यांतून खरी ग्रंथी निघाली, रेघांच्या नलिकांसकट. प्रबंध वेळेत गेला. आभाराच्या पानावर मी 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्ग' असं लिहिलं, नाव नाही. मुनीरभाईंना मात्र नुसता कागद देऊन भागलं नाही. त्यांची प्रयोगशाळा काढून घेतली आणि त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. जो माणूस केसाएवढी नस न तुटता सोडवायचा तो निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं पाकिटांवर नंबर घालत बसला. मी त्याच कॉलेजात लागले, कायम झाले, माझ्या पसंतीनं लग्न केलं, पुढं विभागप्रमुखही झाले. सांगायचं राहून गेलं असं मी म्हणत आले. ते खोटं आहे. राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. आधी म्हटलं, नोकरी पक्की होऊ दे. मग म्हटलं, सर निवृत्त होऊ देत. मग म्हटलं, आता जुनं उकरून काय मिळणार? त्यांच्या निरोपसमारंभात मी पाच मिनिटं बोलले, चांगलं बोलले, टाळ्या पडल्या... आणि नवा शर्ट घालून बसलेले मुनीरभाई माझ्याकडे न बघता हातातल्या नारळाची शेंडी सारखी करत होते. दर उन्हाळ्यात मिठातल्या चिंचेची बरणी मात्र न चुकता यायची.

शेवटची भेट राजूरला. त्यांना जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला होता. तंबाखू-गुटखा कधी तोंडात घातला नव्हता. लोक हटकून विचारतात म्हणून सांगते. किरणं देऊन झाली होती. मी जाताना काय न्यावं? तर मोसंबी! लाळग्रंथीवर प्रबंध लिहिलेली बाई, किरणांनी तोंड सोललेल्या माणसासाठी मोसंबी घेऊन गेली. नसरीननं पिशवी बघितली आणि काही न बोलता आत ठेवली. मुनीरभाई खाटेवर उशीला टेकून बसले होते, हातात पाण्याची बाटली. दर दोन वाक्यांनंतर घोट. "चव गेली, ताई. भाकर वाळूवानी लागती." मग माझ्या हातात रिपोर्टचं पाकीट देऊन म्हणाले, "माझ्या कोण्या कोण्या गेल्या ते काढून दाखवा बरं." मी पाकिटाच्या पाठीवर चेहरा काढला. कानाजवळच्या दोन्ही, जबड्याखालच्या दोन्ही. ते विद्यार्थ्यासारखे वाकून बघत होते. "जिभेखालची?" तीही, बहुतेक. "न् डोळ्याची?" मी म्हणाले, ती शाबूत आहे मुनीरभाई, ती माणसात डोळ्याच्या वरच असते, किरणं तिथपर्यंत गेली नाहीत. ते डोळे पुसत म्हणाले, "हां, ती बराबर चालू हाय."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "मुनीरभाई, त्या वेळचं..." त्यांनी हात वर केला. पुन्हा घोट घेतला. मला वाटतं, त्यांना ते ऐकायचं नव्हतं असं नाही. पण नसरीन दारात उभी होती. मी पर्समधून तो बिस्किटांचा डबा काढला. कपाट आवरताना सापडला होता, न वापरलेल्या घड्या तशाच होत्या. मी त्या उकळत्या वाफेतून काढून आणल्या होत्या. वरची अक्षरं वाचून त्यांना हसू आलं, आणि हसताना ओठ चिरला. नसरीननं डब्यातली एक घडी उचलली, पाण्यात बुडवली आणि त्यांच्या ओठांवर ठेवली. नंतर तिनं मला सांगितलं, शेवटच्या महिन्यात बोलणं बंद झाल्यावर ते बोटानं तोच डबा मागायचे.

चाळिसाव्याला मी राजूरला गेले. नसरीन भोकरदनला एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते, रक्ताच्या नळ्या, चिठ्ठ्या, नोंदी. चहा देताना आपणहून म्हणाली, "ताई, मी नळीवरचं लेबल तीनदा वाचती. लोकं हसतेत मला. पण अब्बाकडून एक बार बाटल्या बदलल्या होत्या ना, त्याचं त्यांना लई लागलं होतं. प्रयोगशाळा सुटली त्यांची. आपल्या खानदानाकडून दुसऱ्यांदा नको." ती हे अगदी साधेपणानं बोलली. मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या गप्प बसण्याची किंमत एका माणसानं मोजली. त्या पोरीनं रोज, प्रत्येक नळीमागे, तीन तीनदा मोजली होती.

त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी आठवड्यानं पुन्हा गेले, हा लेख लिहून. त्याआधी कॉलेजला पत्र दिलं होतं, झालं ते सगळं लिहून, माझ्या सहीनं. कचेरीतून उत्तर आलं की मयत कर्मचाऱ्याची फाइल बंद झालेली असते, बघू. म्हणून हे इथं छापायला देते आहे. नसरीनला मी ओसरीवर बसून सगळं वाचून दाखवलं, तिसऱ्या उंदरापासून. ती खाली बघत ऐकत होती. वाचून झालं. 'माफ कर' म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि तिनंही ते सोपं करून दिलं नाही. उठून आत गेली आणि तो डबा घेऊन आली. तळाशी तीन घड्या उरल्या होत्या. "हे तुमचं हाय. परत करायला सांगून गेल्ते," म्हणाली. मग उंबऱ्यावरूनच विचारलं, "ताई, यात तुम्ही समदीकडं मुनीरभाई मुनीरभाई लिहिलंय. फाइलीत तर पूर्ण नाव हाय. मंग लोकांना कळंल कसं, की हे तेच?"

डबा आता माझ्या टेबलावर आहे. मी झाकण बंद केलेलं नाही. नसरीन म्हणते ते बरोबर आहे, म्हणून फाइलीत आहे तसं लिहिते. शेख मुनीर शेख उस्मान, प्रयोगशाळा सहायक, राहणार राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. त्यांच्याकडून बाटल्या बदलल्या नव्हत्या.